योजनेची वही कोणती निवडावी?

व्यापारी घरात वहीला देवघराइतकाच मान असतो. दिवाळीला वहीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे बोट उमटते आणि त्यानंतर वर्षभर एक रुपयाही नोंदीवाचून घराबाहेर जात नाही. मात्र ज्या घराचा हिशेब इतका चोख, त्याच घरात एखादे मोठे कौटुंबिक काम निघाले, गोदाम बांधायचे ठरले, मुलीचे लग्न ठरले किंवा जुने घर उतरवून नवे उभारायचे ठरले, तर त्या कामाची योजना कोठेच लिहिलेली आढळत नाही. ती घरातील एकाच वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्यात असते. कोणाला शब्द दिला, कोणाकडून दर घेतले, काय आधी व्हायचे आणि काय मागाहून, हे सारे त्या एकाला ठाऊक असते. तो माणूस धडधाकट असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो आठ दिवस अंथरुणाला खिळला, की अडते.

चौकातील एक घर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना महामार्गावर भोर तालुक्यातील कापूरहोळ लागते. छत्रपती संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ गाडे यांचे हे गाव. येथून एक रस्ता भोरकडे वळतो आणि दुसरा नारायणपूरमार्गे सासवडला जातो. केतकावळ्याच्या बालाजी मंदिराकडे आणि पुरंदरकडे जाणारी वर्दळही याच बाजूची. अशा चौकात किराणा व भुसार मालाचे दुकान असलेले एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर काल्पनिक आहे, पण प्रत्येक वाचकाच्या नात्यागोत्यात असे एक तरी घर सापडेल.

तीन भावांचे एकत्र कुटुंब. थोरले भाऊ गल्ल्यावर बसतात, मधले पुण्याच्या मार्केट यार्डातून खरेदी करतात, धाकटे उधारी-वसुली पाहतात. थोरल्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. दुकानामागच्या जागेत गोदाम आणि त्यावर दोन खोल्या बांधायच्या असे ठरले. कार्तिकी पौर्णिमेनंतर पाया खणायचा, अक्षय्य तृतीयेला वास्तू करायची आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी माल आत न्यायचा. हाताशी जेमतेम साडेपाच महिने. थोरल्यांनी सारे मनात बसवले आणि काम सुरू झाले.

माघात थोरल्यांना छातीत दुखू लागले व तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. पुढचे काही दिवस त्यांच्याशी व्यवहाराचे बोलू नये, असे डॉक्टरांनी बजावले. तिसऱ्याच दिवशी सेंटरिंगवाला दारात उभा राहिला आणि ठरलेले पैसे मागू लागला. वहीत त्याच्या नावे तीस हजार रुपये आगाऊ लिहिलेले होते, पण एकूण किती ठरले आणि उरलेले केव्हा द्यायचे, हे वहीत नव्हते. खिडक्या करणारा म्हणाला, "माप मिळाले नाही, म्हणून काम धरले नाही." मधल्या भावाच्या आठवणीप्रमाणे गोदामाची उंची बारा फूट ठरली होती, धाकट्याच्या आठवणीप्रमाणे चौदा. कोणीही खोटे बोलत नव्हते. तरीही रात्रीच्या जेवणाला "दादांनी तुम्हाला सांगितले, आम्हाला का नाही?" हा प्रश्न ताटाभोवती फिरू लागला. पैशाचे नुकसान भरून निघते. भावाभावांत असा प्रश्न एकदा शिरला, की तो बाहेर काढायला फार दिवस लागतात.

वही झालेल्याची, योजना व्हायच्याची

या घराने वही लिहिली नाही, असे म्हणता येणार नाही. रोजमेळ रोजचा रोज बसत होता. खातेवही चोख होती. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे टॅली आज गावोगावच्या दुकानांत आहे, तसे ते या दुकानातही होते. परंतु रोजमेळ असो की टॅली, दोन्ही झालेला व्यवहार सांगतात. सुतारास पैसे दिले, हे वही सांगते. ते कोणत्या कामासाठी, ते काम केव्हा संपायचे, ते संपल्याशिवाय पुढचे कोणते काम अडते आणि त्याच्याशी कोणी बोलायचे, हे सांगण्याची जबाबदारी वहीने कधी घेतलेलीच नाही. त्यासाठी निराळी वही लागते. तिला योजनेची वही म्हणावे.

अलीकडे पुष्कळ घरांना वाटते, की कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप गट हीच ती वही. फरशीचे फोटो त्यावर येतात, दर त्यावर कळवले जातात, होकारही त्यावरच दिले जातात. पण गट हा वाहता ओढा आहे. सोमवारी ठरलेला दर शुक्रवारपर्यंत दोनशे शुभेच्छांखाली बुडतो. "हो, चालेल" हे उत्तर कोणत्या फोटोला दिले होते, हे दोन महिन्यांनी शोधणे म्हणजे भुसाऱ्याच्या पोत्यात मोहरी निवडणे. गटावर बोलावे, जरूर बोलावे. मात्र जे ठरले ते एका ठरलेल्या जागी उतरवावे.

रूपरेषा म्हणजे काय?

ही ठरलेली जागा संगणकावर वा मोबाइलवर करता येते आणि तिची कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी अभियंत्याने एक प्रात्यक्षिक केले. संगणकाचा माउस लोकांसमोर आणणारे हेच ते प्रात्यक्षिक. त्यांनी पडद्यावर काय दाखवले असेल? घरी न्यायच्या वाणसामानाची यादी! प्रथम सारे जिन्नस एकाखाली एक लिहिले. मग त्यांचे गट पाडले. नंतर एका खुणेसरशी गटातले जिन्नस झाकले आणि पुन्हा उघडले. त्यापुढे घरी जाताना वाटेत कोठे कोठे थांबायचे, याचा नकाशाही मांडला. ज्या दुकानदाराने आयुष्यभर गिऱ्हाइकाची यादी डाळी, मसाले, तेल अशा क्रमाने लावून माल काढला, त्याला हे तत्त्व शिकवण्याची गरज नाही.

या मांडणीला इंग्रजीतून आलेला शब्द आउटलाइन, आपला शब्द रूपरेषा. एका मोठ्या कामाच्या पोटात त्याचे भाग, त्या भागांच्या पोटात त्यांचे उपभाग, आणि हवे तेव्हा पोट मिटायचे किंवा उघडायचे. १९८३ मध्ये डेव्ह वायनर यांच्या कंपनीने अ‍ॅपल संगणकासाठी थिंकटँक नावाचे याच कामाचे सॉफ्टवेअर विक्रीला आणले. तेव्हापासून साधने अनेक आली, तत्त्व तेच राहिले. वरच्या घराच्या गोदामाची रूपरेषा अशी दिसली असती:

गोदाम
– पाया व जोते: गवंडी, खडी-सिमेंट, पाण्याची सोय
– भिंती: उंची (तिघांच्या संमतीने), खिडक्यांची मापे
– स्लॅब: सेंटरिंग, सळई, स्लॅबचा दिवस, पाणी मारणे, सेंटरिंग काढणे
– आतील काम: वायरिंग, गिलावा, फरशी, फळ्या
– कागदपत्रे: परवानगी, वीजजोड, कर्जाचे हप्ते
– वास्तू: मुहूर्त, आमंत्रणे, भोजन

दहा मिनिटांत लिहिता येईल एवढेच हे आहे. पण "उंची" हा शब्द कागदावर येताच बारा की चौदा, हा प्रश्न भिंत उभी राहण्याआधी विचारला जातो. रूपरेषेचा खरा उपयोग हाच, की ती डोक्यातील मौन गृहीतके उघड्यावर आणते.

चार तऱ्हांची साधने

बाजारात योजनेची शेकडो अ‍ॅप आहेत. नावे ऐकून गांगरून जाण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या जाती मुख्यतः चारच.

पहिली जात यादीची. गूगल कीप आणि मायक्रोसॉफ्ट टू डू ही तिची परिचित उदाहरणे. काम लिहायचे, झाले की खूण करायची. यादी घरातील इतरांना वाटून देता येते. पाच-पंचवीस छोटी कामे, बाजारहाट, प्रवासाची तयारी यांसाठी हिच्याहून अधिक काही लागत नाही.

दुसरी जात रूपरेषेची. वर्कफ्लोई, डायनॅलिस्ट ही साधने याच कामासाठी घडवलेली आहेत. ज्यांच्या संगणकात मायक्रोसॉफ्ट वर्ड आहे त्यांनी त्यातील आउटलाइन हा पर्याय उघडून पाहावा. रूपरेषेचे साधन आपल्याजवळ आधीपासूनच होते, हे पुष्कळांना तेव्हा उमगते. काम नुकतेच सुचले आहे, कोठून आरंभ करावा ते कळत नाही, अशा अवस्थेत ही जात उत्तम.

तिसरी जात फळ्याची. टोयोटाच्या कारखान्यात तैइची ओनो यांनी रूढ केलेल्या कानबान पद्धतीत चिठ्ठ्यांवरून काम पुढे सरकते. तेच रूप २०११ मध्ये ट्रेलोने पडद्यावर आणले. "करायचे", "चालू" आणि "झाले" असे तीन रकाने, आणि प्रत्येक काम म्हणजे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकणारी चिठ्ठी. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, दागिने, कपडे, भोजन अशी एकमेकांवर फारशी न अवलंबणारी अनेक कामे अनेक माणसांकडे वाटलेली असतील, तर फळ्यावर एका नजरेत कळते, की कोणाचे कोठे अडले आहे.

चौथी जात तक्त्याची. एक्सेल किंवा गूगल शीट्स. दुकानदाराला ही सर्वांत जवळची, कारण ती वहीसारखीच रकान्यांची आहे. काम, कोणाकडे, केव्हापर्यंत, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, बाकी आणि शेरा, असे सात रकाने आखले, की योजना आणि पैसा एकाच ओळीत बसतात. सेंटरिंगवाल्याचा प्रश्न या एका ओळीने मिटला असता.

याखेरीज एक पाचवे भारदस्त साधन आहे, ते म्हणजे गँटचा तक्ता. हेन्री गँट (१८६१–१९१९) या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तक्त्यात प्रत्येक काम ही एक आडवी पट्टी असते आणि पट्टीची लांबी म्हणजे कामाचे दिवस. १९५७ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीने आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी कामांच्या परस्परावलंबनाचे गणित बसवले. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखी सॉफ्टवेअर त्याच परंपरेतील. कारखाना उभारणाऱ्याला ती हवीतच. घरगुती कामाला मात्र त्या गणितातील एक प्रश्न पुरे आहे: "हे काम उशिरा झाले, तर आणखी कोणते काम थांबते?" स्लॅब आठ दिवस लांबला, तर पाणी मारण्याचे, सेंटरिंग काढण्याचे, वायरिंगचे आणि गिलाव्याचे दिवसही लांबतात. फरशीचा रंग आठ दिवस ठरला नाही, तर काहीच लांबत नाही. तक्त्याला "कशावर अवलंबून" हा आठवा रकाना जोडला, की शंभर पट्ट्यांचे काम त्या एका रकान्यात होते.

थोडक्यात सांगायचे तर आठवणीसाठी यादी, विचारासाठी रूपरेषा, वाटपासाठी फळा आणि पैशासाठी तक्ता. महिनाभराहून लांब आणि पैशाचा संबंध असलेले कोणतेही घरगुती काम असो, आरंभी एक रूपरेषा आणि पुढे एक तक्ता, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.

निवडीच्या कसोट्या

साधनाची जात ठरली, तरी नेमके साधन निवडताना काही कसोट्या लावाव्यात. माल घेताना जशी मूठभर धान्याची पारख होते, तशीच ही पारख.

पहिली कसोटी घरातील सर्वांत अनभ्यस्त माणसाची. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला जे सोपे वाटते ते कसोटीचे माप नव्हे. साठी उलटलेल्या वहिनींना आपल्या मोबाइलवर ते दोन बोटांच्या हालचालीत उघडता आले पाहिजे. तेथे मराठीत लिहिता आले पाहिजे. लिहिण्याचा कंटाळा असेल, तर बोलून लिहिण्याची सोय वापरावी. गूगलने २०१७ मध्ये मराठीसाठी ती उपलब्ध केली आणि "सोमवारी गवंड्याला फोन करणे" असे म्हटले, की ते देवनागरीत उमटते. जे साधन घरातील एकालाच उघडता येते, ते पुन्हा एका डोक्यातील योजनेसारखेच.

दुसरी कसोटी नेटवर्कची. भोरच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात वा बांधकामाच्या तळघरात नेटवर्क असेलच असे नाही. इंटरनेट नसतानाही यादी वाचता आली पाहिजे. गूगल कीप तसे चालते. शीट्समधील तक्ता आधीच "ऑफलाइन" म्हणून ठेवावा लागतो. घरी बसूनच एकदा मोबाइलचा इंटरनेट बंद करून पाहावा, म्हणजे खात्री होते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. आपण लिहिलेले आपल्याला बाहेर काढता येते का? वंडरलिस्ट नावाचे बर्लिनमध्ये जन्मलेले एक अ‍ॅप यादीसाठी जगभर लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. याद्या नव्या अ‍ॅपमध्ये हलवण्याची सोय दिली होती, पण ती वेळेत वापरणे ज्याच्या त्याच्यावर होते. एव्हरनोट हे टिपणांचे नामांकित साधन. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या मोफत वापरावर पन्नास टिपणांची आणि एका वहीची मर्यादा आली. यात कोणी फसवणूक केली, असे नाही. दुकान दुसऱ्याचे असले, की त्याचे नियमही त्याचेच असतात, एवढाच बोध घ्यावा. म्हणून निवडण्यापूर्वीच पाहावे, की यादी साध्या मजकुरात, पीडीएफमध्ये किंवा एक्सेलच्या रूपात उतरवता येते का. रूपरेषेच्या साधनांत ओपीएमएल हे २००० सालापासूनचे सामाईक रूप आहे. ते असले, तर एका साधनातील रूपरेषा दुसऱ्यात नेता येते.

मराठी माणसाला या कसोटीचे महत्त्व निराळ्या उदाहरणानेही पटेल. जुन्या घरांतील कित्येक दस्त व वह्या मोडी लिपीत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, वाचणारा मात्र घरात उरलेला नाही. संगणकावरही हेच घडले. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रके आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर अक्षरांचा नुसता काला दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा मिळालेली आहे आणि आजचे मोबाइल युनिकोडमध्येच लिहितात. नवी योजना तरी त्याच सामाईक अक्षरांत असावी, म्हणजे दहा वर्षांनीही ती वाचता येईल.

चौथी कसोटी मालकीची. तक्ता ज्याच्या खात्यात तयार होतो, तो त्याच्या मालकीचा. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते, असे त्या कंपनीचे धोरण २०२३ पासून आहे. म्हणून घरच्या कामाचा तक्ता घरातील किमान दोघांना बदल करण्याच्या अधिकारासह वाटलेला असावा आणि खाते निष्क्रिय झाल्यास माहिती कोणाकडे जावी, याची नोंद गूगलच्या खात्यातच करून ठेवावी. त्याच वेळी हेही पाळावे, की बँकेचे पासवर्ड, आधार क्रमांक, एटीएमचे अंक अशा गोष्टी या तक्त्यात कदापि लिहू नयेत. वाटून घ्यायच्या वहीत तिजोरीची किल्ली ठेवत नाहीत.

साधनाचा मोह

यानंतर एका मोहाविषयी. घरातील तरुण मंडळी उत्साहाने एखादे मोठे, बहुगुणी साधन आणतात. त्यात रंग आहेत, चित्रे आहेत, आपोआप बदलणारे तक्ते आहेत. तीन संध्याकाळी ते सजवण्यात जातात आणि चौथ्या दिवशीही खिडक्यांचे माप घेतलेले नसते. योजना आखण्याचे समाधान काम झाल्याच्या समाधानासारखेच वाटते, म्हणून हा मोह ओळखू येत नाही. यावर एक नियम उपयोगी पडतो. साधन मांडायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, तर ते या कामासाठी मोठे आहे. गरजेपलीकडचा संग्रह केवळ वस्तूंचा होतो, असे नाही. मोबाइलमधील पाच न उघडलेली अ‍ॅपही परिग्रहच होत.

दुसऱ्या टोकाचा आग्रहही नसावा. एखाद्या घरात सर्वांची सोय कागदाच्या वहीनेच होत असेल, तर ती वही उत्तम. फक्त ती कपाटात कुलूपबंद न ठेवता सर्वांच्या हाताशी असावी. कागदाची उणीव एवढीच, की पुण्यात बसलेल्या मुलाला वा यार्डात उभ्या असलेल्या भावाला ती दिसत नाही. ती उणीव ज्या घराला खुपते, त्याने मोबाइलचा आधार घ्यावा.

आरंभ कसा करावा?

सारे घर एकदम नव्या पद्धतीवर आणू नये. एक काम निवडावे. मोठे नको, अगदी बेताचे, म्हणजे दुकानाच्या फळ्या बदलणे किंवा पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी. सर्वांनी मिळून दहा मिनिटांत त्याची रूपरेषा बोलून लिहावी. मग तक्ता आखून तीन नियम पाळावेत. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव. "आपण सगळे" हे नाव लिहायचे नाही, कारण जे सर्वांचे ते कोणाचेच नसते. प्रत्येक कामापुढे एक तारीख. "पाहू" आणि "लवकरच" या तारखा नव्हेत. आणि प्रत्येक कामाचे नाव क्रियापदाने संपावे. "खिडक्या" असे न लिहिता "खिडक्यांचे माप सुतारास देणे" असे लिहिले, की काय करायचे ते वेगळे विचारावे लागत नाही.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, दुकान बंद होण्याच्या वेळेस, सर्वांनी वीस मिनिटे बसून तक्ता वाचावा. वाचण्यात दोष काढण्याचा सूर नसावा. काय झाले, काय राहिले, कशाने राहिले आणि पुढच्या आठवड्यात कोण काय करणार, एवढेच. व्हॉट्सअ‍ॅपवर या आठवड्यात जे ठरले ते याच बैठकीत तक्त्यात उतरवावे. महिन्याच्या अखेरीस तक्त्याची एक प्रत छापून हिशेबाच्या वहीत लावावी. अ‍ॅप बंद पडो, मोबाइल हरवो, तेवढा कागद घरात राहील.

हीच पद्धत त्या चौकातील घरात असती, तर काय बदलले असते? थोरल्या भावांचे आजारपण टळले नसते. रुग्णालयातील दिवस तितकेच काळजीचे गेले असते. पण सेंटरिंगवाल्याला मधल्या भावाने तक्ता पाहून शांतपणे सांगितले असते, "एकूण पंचाहत्तर हजार ठरले, तीस दिले, उरलेले पंचेचाळीस सेंटरिंग काढल्यावर." खिडक्यांचे माप धाकट्याच्या नावे असल्याने त्यानेच ते वेळेवर दिले असते. गोदामाची उंची तिघांच्या नावांसह लिहिलेली असती आणि ताटाभोवती तो प्रश्न फिरला नसता. आजारी माणसाला विश्रांती देणे म्हणजे केवळ खोलीचे दार लोटून घेणे नव्हे. त्याच्या डोक्यावरचा भार आधीच कोठेतरी उतरवून ठेवलेला असणे, हीही त्याची शुश्रूषाच आहे.

काम संपल्यावर तक्ता पुसून टाकू नये. "झाले" असा शेरा मारून जपून ठेवावा. किती दिवस धरले होते आणि किती लागले, कोणाचा दर काय निघाला, कोणता कारागीर शब्दाला जागला, हे सारे त्यात नोंदलेले असते. पाच वर्षांनी धाकट्यांच्या मुलीचे लग्न निघेल किंवा पुण्यातील मुलगा स्वतःचे दुकान मांडील. त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी नव्या पिढीच्या हाती द्यावे असे बरेच काही असेल. त्यात ही एक जुनी, साधी, वाचता येणारी यादीही असावी.